बांधकाम अभियांत्रिकीच्या वर्गात व्हीआर : काय दाखवावे आणि काय हातानेच शिकवावे?

आरसीसी_अध्यापिका, नाशिक

नमस्कार. मी नाशिकमधील एका तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. विभागासाठी व्हीआर (आभासी वास्तव) दाखवणारे, डोळ्यांवर लावायचे हेडसेट घ्यावेत, असा प्रस्ताव आमच्यापुढे आला आहे. यंत्रे आधी घ्यायची आणि त्यांचे काय करायचे ते नंतर पाहायचे, असे होऊ नये म्हणून हा धागा काढत आहे. येथे साइटवर काम करणारे, संगणकावर त्रिमितीय मॉडेल करणारे आणि सरकारी खात्यांत दीर्घ सेवा केलेले असे सर्व प्रकारचे सदस्य आहेत. त्यांचे म्हणणे मला सविस्तर ऐकायचे आहे.

आधी अडचण सांगते. विद्यार्थी बीम (आडवी तुळई) आणि कॉलम (उभा खांब) यांच्या सांध्याचे छेदचित्र व्यवस्थित काढतात, उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांमधले अंतर बरोबर मोजतात, बार बेंडिंग शेड्यूलही (सळ्यांच्या लांबीचा आणि वळणांचा तक्ता) पूर्ण करतात. पण चारही बाजूंनी बीम येणाऱ्या सांध्यात बीमच्या वरच्या-खालच्या सळ्या, कॉलमच्या उभ्या सळ्या आणि रिंगा एकाच जागी आल्यावर काँक्रीट उतरायला किती फट उरते, हे त्यांना कागदावरून कळत नाही. कागदावर सळई ही एक रेघ असते आणि दोन रेघा एकमेकींना छेदून जाऊ शकतात. प्रत्यक्षात एक सळई दुसरीच्या वरून किंवा खालूनच न्यावी लागते.

यावर साइट व्हिजिट हा नेहमीचा उपाय आहे, पण आमचे सत्र पावसाळ्यात सुरू होते. त्या दिवसांत पायाचे खड्डे पाण्याने भरलेले असतात आणि काळ्या मातीच्या भागात साइटवर पाऊल ठेवणेही अवघड होते. साठ विद्यार्थ्यांना एकदम सेंट्रिंगवर (काँक्रीटसाठी उभारलेल्या तात्पुरत्या आधारावर) चढू द्यायला कोणताही जबाबदार कंत्राटदार तयार होत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. शिवाय आपण जातो त्या दिवशी काम ज्या टप्प्यावर असेल तेवढेच दिसते. फुटिंगची (कॉलमच्या पायाची) जाळी पाहायला मिळाली तर स्लॅब राहून जातो, आणि स्लॅबच्या वेळी गेलो तर फुटिंग मातीखाली गेलेले असते. आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामात) जे सर्वांत महत्त्वाचे, ते काँक्रीट ओतल्याबरोबर कायमचे झाकले जाते.

म्हणून हेडसेट घ्यायचेच असतील तर ते या झाकल्या जाणाऱ्या टप्प्यांसाठी घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण झालेल्या इमारतीतून फिरवून आणणारी दृश्ये सदनिका विकणाऱ्यांच्या उपयोगाची आहेत. अभियंत्याला त्यातून फारसे काही मिळत नाही.

संशोधनाचे निष्कर्षही एका बाजूचे नाहीत. २०१३ मध्ये इस्रायलमधील टेक्निऑनच्या राफाएल सॅक्स आणि सहकाऱ्यांनी ६६ जणांवर केलेल्या बांधकाम-सुरक्षा प्रशिक्षणाच्या अभ्यासात दगडी आवरणाचे काम आणि जागेवर ओतायचे काँक्रीट या दोन विषयांत व्हीआरचा ठळक फायदा दिसला, पण साइटवरच्या सर्वसाधारण सुरक्षिततेच्या बाबतीत तो दिसला नाही. उलट २०१९ मध्ये गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात असे आढळले की, प्रयोगशाळेचे तेच आभासी दृश्य पडद्याऐवजी हेडसेटमध्ये दाखवल्यावर विद्यार्थ्यांना आपण तेथेच आहोत असे अधिक वाटले, पण ते शिकले मात्र कमी. हा दुसरा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नवी वस्तू हाती आली की वर्गातला उत्साह पाहूनच आपण समाधान मानतो.

आपण साइटवर असाल तर विद्यार्थ्याला काय दाखवले जावे असे आपल्याला वाटते? आणि कोणती गोष्ट हेडसेटमध्ये कधीच शिकवू नये?

साइट_इंजिनिअर_पाथर्डीफाटा

मॅडम, आपण सांध्याचा मुद्दा घेतला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण नव्याने रुजू झालेला अभियंता साइटवर सर्वांत आधी तेथेच अडतो.

आयएस १३९२० या भूकंपाचा विचार करून आरसीसीसाठी केलेल्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे रिंगेचे हूक १३५ अंशांत वळवून त्यांची टोके काँक्रीटच्या गाभ्यात न्यावी लागतात, आणि त्या टोकाची लांबी सळईच्या व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतकी ठेवावी लागते. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा अधिक जवळ घ्याव्या लागतात आणि तेथे त्यांच्यातले अंतर कोणत्याही परिस्थितीत १०० मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते, म्हणजे हे नियम आपल्याकडे लागू आहेत. तरीही फिटर (सळ्या बांधणारा कारागीर) ९० अंशांचा हूक करून मोकळा होतो, कारण तशी रिंग बसवायला सोपी जाते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादसारख्या लांबच्या शहरातही आरसीसीच्या इमारती कोसळल्या, आणि त्यामागच्या कारणांत सळ्यांच्या अशा सदोष मांडणीचाही वाटा होता. भूकंपात सळ्यांवरचे काँक्रीटचे कव्हर निखळते, ९० अंशांचा हूक उघडतो आणि त्यानंतर उभ्या सळ्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही.

आता खरी अडचण अशी की, सांध्यातल्या रिंगा बीमच्या सळ्या टाकण्याआधी ओवून ठेवाव्या लागतात. बीमचा सांगाडा एकदा बसला की त्या नंतर घालता येत नाहीत, आणि मग बहुतेक ठिकाणी त्या सोडूनच दिल्या जातात. काम झाकले गेल्यावर ते कोणालाही दिसत नाही. हा क्रमाचा प्रश्न आहे, आणि क्रम चित्रातून शिकवता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, विद्यार्थ्याला तयार सांधा दाखवू नये, तो त्याच्याकडून जोडून घ्यावा. सळ्या आणि रिंगा शेजारी ठेवाव्यात, क्रम त्याला ठरवू द्यावा आणि चुकीच्या क्रमाने गेला तर त्याला अडू द्यावे. सळई सळईतून आरपार जाता कामा नये. रिंग हातात राहिली आणि घालायला वाट उरली नाही, हा अनुभव त्याला वर्गातच आला, तर साइटवर वीस वर्षे काम केलेल्या फिटरसमोर तो आदर ठेवून, पण ठामपणे बोलू शकेल. नुसते 'कोडमध्ये असे लिहिले आहे' हे सांगून तेथे भागत नाही.

हेडसेटमध्ये काय शिकवू नये, याचेही उत्तर देतो. २५ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ३.८५ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे ४६ किलोंची होते. आभासी सळई विद्यार्थी एका हाताने उचलतो. त्यामुळे माणसे किती लागतील, सळई वर कशी चढवायची, लॅप (दोन सळ्या एकमेकींवर घेऊन केलेला जोड) कोठे घेतला तर हाताळायला सोपे जाईल, हे त्याला त्यातून समजणार नाही. काँक्रीटचा ओलेपणा, व्हायब्रेटर पुरेसा चालला की नाही हे सांगणारा त्याच्या आवाजातला बदल, तारेने सळ्या आवळताना आकड्याला द्यायचा पीळ या गोष्टी हातानेच शिकाव्या लागतात. संस्थेच्या आवारात खऱ्या सळ्यांचा एक सांधा कायमचा उभा करून ठेवला, तर हेडसेटमध्ये केलेले काम तेथे लगेच पडताळता येईल.

तृतीय_वर्ष_स्थापत्य

मी विद्यार्थिनी आहे. साइट व्हिजिटला मागे उभ्या असलेल्यांना काहीच दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. मुलींना 'वर चढू नका, खालूनच पाहा' असे सांगितले जाते, हेही येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. हेडसेटमध्ये निदान प्रत्येकीला पहिल्या रांगेत उभे राहता येईल.

एका प्रदर्शनात मी हेडसेट लावला होता. दृश्य आपोआप पुढे सरकत होते आणि थोड्याच वेळात मला मळमळू लागले. माझ्या चश्म्यावर तो नीट बसतही नव्हता. वर्गात असे झाले तर गुणांवर परिणाम होऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

त्रिमितीय_मॉडेलर

ताई, आपल्याला जे झाले त्याचे कारण सरळ आहे. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण स्थिर आहोत, आणि या विसंगतीतून मळमळ होते. दृश्यात वापरणाऱ्याला आपोआप पुढे नेणे हा रचनेचा दोष आहे. जायचे ते ठिकाण हातातल्या नियंत्रकाने दाखवायचे आणि थेट तेथे पोहोचायचे, अशी सोय केली तर हा त्रास बराच कमी होतो. दुसरे कारण म्हणजे दृश्य अडखळणे. हेडसेटला सेकंदाला ७२ किंवा त्याहून अधिक चित्रे सलग द्यावी लागतात. रेव्हिट या इमारतीचे मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमधले मॉडेल जसेच्या तसे आत टाकले की प्रत्येक गोल सळईचे असंख्य लहान पृष्ठभाग होतात, हेडसेटमधल्या छोट्या प्रोसेसरला ते झेपत नाहीत आणि चित्र मागे पडते. मॉडेल हलके करणे हे वेळखाऊ काम आहे. प्रस्तावात यंत्रांची किंमत असते, पण या कामाची रक्कम धरलेली नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. मॅडम, ती अवश्य धरावी.

३६० अंशांच्या कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र आणि त्रिमितीय मॉडेल यांतला फरकही येथे स्पष्ट करतो. छायाचित्रात मान वळवून सगळीकडे पाहता येते, पण एक पाऊलही पुढे टाकता येत नाही आणि वाकून बीमच्या खाली डोकावता येत नाही. मॉडेलमध्ये ते शक्य होते. छायाचित्र स्वस्त पडते आणि खऱ्या साइटचे असते. मॉडेल महाग पडते, पण त्यात वस्तू हाताळता येतात. वर सुचवलेल्या सांध्याच्या जोडणीसाठी मॉडेलच लागेल. कामाचे टप्पे दाखवायला छायाचित्रे पुरतील.

एक महत्त्वाची सावधगिरी सांगतो. हेडसेटमध्ये लोक अंतराचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसले आहे. नवे हेडसेट या बाबतीत सुधारले आहेत, तरी हा दोष पूर्णपणे गेलेला नाही. बांधकामाच्या विद्यार्थ्याला 'नजरेने अंतर ओळख' असे व्हीआरमध्ये शिकवणे म्हणूनच धोक्याचे आहे. दृश्यात मोजपट्टी द्यावी आणि कव्हर असो की रिंगांमधले अंतर, प्रत्येक माप तिने घ्यायला लावावे.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. वीस जणांच्या तुकडीत प्रत्येकाला ८ मिनिटे दिली तर एका हेडसेटवर १६० मिनिटे लागतात, म्हणजे दोन तासांचे प्रात्यक्षिक त्यात बसत नाही. किमान दोन हेडसेट हवेत, आणि आतले दृश्य प्रोजेक्टरवर दिसेल अशी व्यवस्था हवी, म्हणजे बाकीच्यांनाही चर्चेत भाग घेता येतो. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी बनवलेला हेडसेट छताला टांगावा लागत असे. आजचा अर्ध्या किलोच्या आसपास असतो, पण तेवढे वजनही मानेला जाणवते. त्यामुळे एका वेळी १० मिनिटांच्या पुढे जाऊ नये. चश्म्यासाठी पुढे जास्तीची चौकट बसवता येते, आणि चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येक वापरानंतर पुसता येईल असाच घ्यावा.

सुरक्षा_पर्यवेक्षक_अंबड

मला चराबद्दल बोलायचे आहे. पाइपलाइन आणि ड्रेनेजसाठी खणलेल्या चरात माणसे दबून मरतात, आणि याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : बाजूंना आधार दिलेला नसतो. आयएस ३७६४ या खोदाईच्या सुरक्षिततेच्या मानकात दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देण्याची तरतूद आहे. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड ते दोन टन असते, त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही. हे वाक्य मी प्रशिक्षणात कितीही वेळा उच्चारले तरी ते ऐकणाऱ्याच्या अंगावर येत नाही. विद्यार्थ्याला चरात नेऊन, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेल्या मातीच्या भिंती दाखवून, काठावर टाकलेला मातीचा ढीग वर मान करून पाहायला लावले, तर खोली म्हणजे काय हे त्याला समजेल. प्रत्यक्षात असे कोणाला उतरवणे हाच गुन्हा ठरेल, म्हणून हे दृश्य व्हीआरमध्येच योग्य आहे.

मात्र एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. प्रशिक्षणाच्या काही दृश्यांत प्रत्येक चुकीनंतर लगेच अपघात दाखवला जातो. टेकू काढला की स्लॅब पडतो, पट्टा लावला नाही की माणूस खाली कोसळतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. ते लवकर काढले तर बहुतेक वेळा त्या दिवशी काहीच होत नाही. स्लॅब किंचित झोल खातो, बारीक तडे जातात आणि ठेकेदाराला वाटते की आपले बरोबरच होते. दृश्यात दर वेळी कोसळणेच पाहिलेला विद्यार्थी साइटवर काही कोसळले नाही की निर्धास्त होतो. म्हणून चूक शांतपणे तशीच राहू द्यावी आणि ती शोधण्याचे काम विद्यार्थ्याकडे द्यावे : मऊ मुरमावर खाली फळी न देता उभा केलेला टेकू, ओळंब्यात नसलेला जॅक, तिरपे आधार नसलेले सेंट्रिंग, मचाणाच्या फळीपाशीच संपलेली शिडी.

ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना उंचीचे दृश्य नाकारण्याची मुभा असावी. वरच्या विद्यार्थिनी भगिनींच्या विनंतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

निवृत्त_जलसंपदा

धागा वाचून समाधान वाटले. सर्व सदस्य इमारतींबद्दल लिहीत आहेत, म्हणून नाशिकच्या दृष्टीने जवळचा असलेला एक विषय मांडतो.

आपले गंगापूर धरण मातीचे आहे. त्याच्या माथ्यावर विद्यार्थी सहलीला जातात, दगडी पिचिंग पाहतात आणि परत येतात. मातीच्या धरणाचे सगळे शहाणपण त्याच्या पोटात असते. पाया खणून अभेद्य थरापर्यंत नेलेला चर, त्यात आणि वर मधोमध दाबून भरलेली चिकण मातीची हार्टिंग, तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग (बाहेरचा भराव), झिरपणारे पाणी मातीचे कण न नेता बाहेर यावे म्हणून वाळू-खडीचे फिल्टर आणि खालच्या बाजूला दगडांचा टो (पायथ्याचा भाग), हे सर्व बांधताना एकदाच दिसते. नवी मोठी धरणे आता फारशी बांधली जात नाहीत, त्यामुळे आजच्या अनेक पदवीधरांनी हार्टिंगचा थर दाबला जाताना पाहिलेलाच नाही. उद्या याच धरणांची तपासणी आणि दुरुस्ती त्यांच्याकडे येणार आहे. खालच्या उतारावर ओल दिसली तर पाणी पोटातल्या कोणत्या वाटेने आले असेल, याची कल्पना त्यांना कशी येणार?

येथे मात्र धरणातून फिरवून आणणारे दृश्यही उपयोगी पडेल. थर एकेक करून चढताना दाखवावेत, मग जलाशय भरावा आणि झिरपणाऱ्या पाण्याची वरची रेषा धरणाच्या आत कशी उतरत जाते ते दाखवावे. फिल्टर काढून टाकल्यावर तीच रेषा खालच्या उताराला कोठे भेटते, हेही दाखवावे. दिंडोरी रस्त्यावरची 'मेरी' ही संशोधन संस्था १९५९ पासून आपल्या शहरात आहे आणि अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही येथेच आहे. आपल्या विभागाने तेथे पत्र देऊन तज्ज्ञांचे मार्गदर्शन मागावे. थरांची मापे कल्पनेने भरू नयेत. ती खऱ्या संकल्पचित्रांवरूनच यावीत.

आरसीसी_अध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. काका, धरणाचा विषय माझ्या यादीत नव्हता. तो मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे.

आपल्या प्रतिसादांवरून मी प्रस्तावाचे स्वरूप बदलत आहे. हेडसेट दोनच मागावेत आणि उरलेली रक्कम एका दृश्याच्या निर्मितीवर आणि आवारात खऱ्या सळ्यांचा सांधा उभारण्यावर खर्च करावी, असे मी लिहिणार आहे. पहिले दृश्य सांध्याच्या जोडणीचेच असेल. त्यात विद्यार्थ्याला अडू द्यायचे, ही सूचना मी तशीच्या तशी स्वीकारते.

अध्यापनाच्या पद्धतीबद्दल एक भर घालते. जोसेलिन पाराँग आणि रिचर्ड मेयर यांच्या २०१८ च्या अभ्यासात व्हीआरने शिकलेले विद्यार्थी साध्या स्लाइड पाहिलेल्यांपेक्षा मागे पडले होते. पण व्हीआरचा धडा तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर त्याचा सारांश लिहायला लावल्यावर त्यांचे शिकणे सुधारले. म्हणून आमच्याकडे हेडसेट उतरवल्याबरोबर विद्यार्थी वहीत सांध्याचे छेदचित्र काढेल आणि कोणती सळई का आधी टाकली हे दोन-तीन वाक्यांत लिहील. गुण त्या लिखाणाला असतील. ज्यांना हेडसेट सहन होत नाही ते तेच काम प्रोजेक्टरवर पाहून करतील, आणि त्यांच्या गुणांत कोणताही फरक पडणार नाही.

माझ्यापुढे एकच प्रश्न उरतो : टप्प्यांची छायाचित्रे कोठून मिळवायची? २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, पूल आणि घाट यांची कामे निघाली आहेत. एवढी वेगवेगळ्या प्रकारची कामे एकाच वेळी पुन्हा केव्हा पाहायला मिळतील हे सांगता येत नाही, आणि आज न टिपलेला पाया उद्या भरावाखाली गेलेला असेल. परवानगी कशी मागावी, याबद्दल कोणाला अनुभव आहे का?

साइट_इंजिनिअर_पाथर्डीफाटा

मॅडम, सरकारी कामावर कार्यकारी अभियंत्यांच्या नावे संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करावा. छायाचित्रे फक्त अध्यापनासाठी वापरली जातील, कामगारांचे चेहरे पुसले जातील आणि चित्रण करणारी व्यक्ती हेल्मेट व बूट घालून साइट अभियंत्याच्या सोबतच फिरेल, हे त्यात स्पष्ट लिहावे. कंत्राटदाराची भीती अशी असते की, कामातला एखादा दोष चित्रात येईल आणि बाहेर जाईल. म्हणून चित्रे त्याला आधी दाखवण्याची तयारी ठेवावी.

चित्रण करताना जागा ठरवून घ्यावी. पक्क्या बांधकामावर रंगाची खूण करावी, तिपाई दर वेळी त्याच खुणेवर आणि त्याच उंचीवर लावावी, आणि खोदाई, पीसीसी (सळ्यांविना साधे काँक्रीट), फुटिंगची जाळी, कॉलमचे स्टार्टर (कॉलमचा सुरुवातीचा छोटा भाग), भराव असा प्रत्येक टप्पा झाकला जाण्याच्या आदल्या दिवशी टिपावा. काँक्रीटची तारीख आयत्या वेळी बदलते, त्यामुळे साइटवरच्या सुपरवायझरचा फोन नंबर घेऊन ठेवणे आवश्यक आहे. आमचे काम खासगी आहे, पण माझ्या वरिष्ठांशी मी बोललो असून त्यांची हरकत नाही. पुढच्या आठवड्यात दोन कॉलमच्या फुटिंगची जाळी बांधून होईल. आपण विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांना कॅमेरा देऊन पाठवा, आणि त्यांत वर लिहिणाऱ्या विद्यार्थिनी असतील तर त्यांना खाली उतरून जाळीजवळ उभे राहता येईल, याची व्यवस्था मी स्वतः करीन.